पोस्टमनचं कुरूप

३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बुटांचे तळवे शिवून बोटं दुखतात, बाकी मी मजेत. मोठ्या कारखान्यात अर्ज केलाय, आता पत्राची वाट बघतेय. पण आमचा पोस्टमन! कुरूप इतकं, की बघवत नाही. बिचारा तीन जिने चढून येतो, तेव्हा मलाच कसंतरी होतं. कार्ड संपलं.

तुझ्या मायेची हक्कदार,
भाची

१२ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे मुद्दाम पाकिटातून. गल्लीतली टपालपेटी तोच उघडतो आणि माझं कार्ड त्यानं वाचलेलं दिसतंय. तेव्हापासून तो वर येतच नाही, टपाल जिन्याखाली टाकून जातो. मुलाखतीचं पत्र मला तिथल्या पायपुसण्याखाली सापडलं, तेही आदल्या संध्याकाळी! मुलाखत झाली, पण निकालही टपालानंच येणार.

अगं, मी त्याच्या पायाच्या कुरुपाबद्दल लिहिलं होतं. लंगडतो तो. त्याच्या बुटासाठी जाड लोकरीची चकती कापून ठेवलीय, मधे भोक पाडून. पण समोर आला की मान फिरवतो. जन्मभर भाषा शिकवलीस, आता तूच निस्तर.

माया आटू देऊ नकोस,
भाची

१९ जून

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

उघडं कार्ड लिहितेय. ज्याला वाचायचं त्यानं खुशाल वाचावं. बूट चावून पायाची कातडी घट्ट होते, गाठ बसते, ते कुरूप. दिसायला वाईट, तेही कुरूप. कोशात दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. पायाचं रूप बिघडतं म्हणून हे नाव पडलं, की दुसराच शब्द झिजून असा झाला, याची शपथ मी घेणार नाही. वर्गात मी दोन्ही सांगायचे आणि घंटा होईपर्यंत पोरांना भांडू द्यायचे.

एवढं मात्र खरं: माणूस कुरूप असतो आणि माणसाला कुरूप होतं. पोस्टमनला ते झालंय, इतकंच तू लिहिलंस. तो दिसायला कसा, हे अजून कळवलेलं नाहीस. कळवावंस.

उत्तराला उशीर नको,
मावशी

२६ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माझी पार शोभा केलीस. आज दार वाजलं. पोस्टमन धापा टाकत उभा, एका हातात तुझं कार्ड, दुसऱ्यात कारखान्याचं पत्र. नोकरी मिळाली!

मी चकती पुढे केली. त्यानं पायरीवर बसून बूट काढला, चकती बसवली, दोन येरझाऱ्या घातल्या. जाता जाता गंभीरपणे म्हणाला, "लोकांची कार्डं मी वाचत नाही. पण मावशींना कळवा, आमच्या घरी याला भोवरी म्हणतात."

लोभ असू दे, पण पाकिटात.
भाची