वाचेल त्याचं

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. दोन ट्रंका, एक गादी, पुस्तकांची पिशवी आणि लेक. प्रार्थनाघराच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या आहेत. पुढे अंगण, अंगणात दगडी हौद. खोल्या उजेडाच्या, खिडकी उघडली की समोर सुताराचं दुकान. लेकीने आल्या आल्या खिडकीखालची जागा मागून घेतली. मला बरं वाटलं. नवरा गेल्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून ती स्वतःहून काही मागत नाही. मनात काहीतरी धरून बसली आहे. विचारलं की उठून जाते. हे गाव देवभोळं, शांत. इथे तरी तिला हसू फुटावं, एवढ्यासाठी आले. माझं काय, मला कुठेही दोन घास मिळाले असते.

नोकरीसाठी एक खोटं बोलले. बाई निरक्षर हवी, अशी अट होती. मी अंगठा उठवला. ह्यांच्या आजारपणात उशाशी बसून एकेक अक्षर जुळवत वाचायला शिकले, ते इथे कुणाला माहीत? लेकीला माहीत आहे. ती मान खाली घालून उभी राहिली.

५ नोव्हेंबर

काम सोपं आहे. सोळा पूर्ण झालेलं प्रत्येक माणूस आठवड्याला आपल्या हातून घडलेलं पाप चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतं. नाव घालायचं नाही. सोमवारी पेटी उघडून चिठ्ठ्या हौदात भिजवायच्या, लाकडी मोगरीने कुटायच्या, लगदा जाळीच्या चौकटीवर पसरून वाळवायचा. त्याच कागदाच्या पुढच्या चिठ्ठ्या. पापाचा तुटवडा नाही, त्यामुळे कागदाचाही नाही.

शिकवलं आत्यांनी. इथे प्रार्थना सांगणाऱ्यांच्या त्या थोरल्या बहीण. अख्खं गाव त्यांना आत्याच म्हणतं. किल्ल्या कमरेला, पण तोंडाला कुलूप नाही. म्हणाल्या, अगं, न वाचणारी बाई लागते त्याला कारण आहे. जो वाचेल, त्याचं ते होतं. लिहिणाऱ्याचं राहत नाही. मी हसले. त्याही हसल्या.

१७ नोव्हेंबर

एक चिठ्ठी वाचली. घडी आपोआप उघडली असं लिहिणार होते, पण इथे तरी खरं लिहावं. मीच उघडली. उशिरा अक्षर आलेल्याची भूक वाईट. पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय टाकत नाही.

भावासाठी शिडी मी मुद्दाम सैल बांधली, असं लिहिलं होतं. कागदाला लाकडाच्या भुशाचा वास. समोरच्या सुताराचा भाऊ लंगडतो.

दिवसभर मोगरी हातात चोरीच्या मालासारखी वाटत होती.

२४ नोव्हेंबर

आज सहा वाचल्या. कपडे शिवणाऱ्या बाईने नणंदेला आलेली पत्रं चुलीत घातली. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाणारं गाव आणि खवखव माझ्या घशात.

सुतार बिजागरी बसवायला आला होता. शीळ घालत, मजेत. काम करता करता म्हणाला, वहिनी, आमच्या भावाचा पाय कशाने मोडला हो? कुणी बोललं का तुमच्याशी? मला आठवतच नाही बघा. वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती.

२६ नोव्हेंबर

शिडीची दोरी ओलसर होती. दुसरी गाठ मी मारली नाही. अंगठ्याला दोरी काचली, ती जागा अजून हुळहुळते. मी जन्मात कधी शिडी बांधलेली नाही.

सकाळी चूल पेटवली आणि पत्रं जळताना दिसली. नणंदेला कोण लिहायचं, तेही आठवलं. मला नणंद नाही.

१ डिसेंबर

आज पेटीतलं सगळं डोळे मिटून हौदात ओतलं. मग आत्यांकडे जाऊन कबूल केलं, मला वाचता येतं.

ठाऊक आहे की, म्हणाल्या. तुझी पुस्तकांची पिशवी आत मीच आणून ठेवली ना? वाचता न येणारी आम्हाला काय कामाची? पण सांगून वाचलेलं चालत नाही बाई. आपल्या हौसेने वाचावं लागतं.

माझ्याआधीच्या बाईचं विचारलं. म्हणाल्या, गुणी होती. शेवटी स्वतःचं नाव सापडेना तिला, इतक्यांचं आठवत होतं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नकोस, गाव बघ कसं हसतंय.

लेकीला सांगितलं, सामान आवर. ती रडली. शनिवारी तिला सोळा पूर्ण होतात. म्हणाली, मला एकदाच लिहू दे आई, मग कुठेही ने.

नाही म्हणायला तोंड उघडलं. बरं, शनिवारपर्यंत थांबू, असं निघालं.

५ डिसेंबर

ती काय लिहिणार, मला माहीत आहे. मी कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. हे गेले त्या दुपारी ह्यांनी हाक मारली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून गोष्ट वाचत होते. चार पानं राहिली होती. आले हं, म्हटलं. पानं संपवून गेले. तोवर —

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळतं तर.

लेक आत झोपली होती. झोपली होती, असं मी पाच वर्षं धरून चालले आहे.

८ डिसेंबर

पेटी उघडली. तिची चिठ्ठी लगेच ओळखली. घडी नखाने दाबून बसवायची सवय तिची. बाकीच्या न वाचता भिजवल्या. ही हातात आहे.

भिजवली तर तिचं ओझं तिच्यापाशीच राहील. वाचली तर ती विसरेल. ती विसरली तर मीही सुटेन — हे आधी मनात आलं. तिचं हसू नंतर. आई म्हणवते मी स्वतःला.

८ डिसेंबर, दुपार

वाचली. माझ्यावर एका शब्दाचा ठपका नाही.

बाबांनी पहिली हाक मला मारली. मी जागी होते. उठावं लागेल म्हणून झोपेचं सोंग घेतलं. मग त्यांनी आईला हाक मारली. आईला बिचारीला ऐकू गेलं नसेल.

एवढंच.

९ डिसेंबर

लेक हसते आहे. अंगणात, मोठ्याने, सुताराच्या बायकोशी.

वेणी घालताना तिने सहज विचारलं, बाबा गेले तेव्हा मी कुठे होते गं?

शाळेत, म्हटलं.

११ डिसेंबर

सामान बांधायला घेतलं. गादी गुंडाळताना — गादी गालाला टोचते. मी अकरा वर्षांची. डोळे मिटलेले. ह्यांची हाक. बाबांची.

पापणीच्या फटीतून दार दिसतं. दारापलीकडे खुर्चीत आई.

तिने मान वर केली. आले हं, म्हणाली. मला स्पष्ट ऐकू आलं.

म्हणजे लेकीलाही — चिठ्ठीत खोटं लिहिलं तिने. माझ्यासाठी, देवापुढे —

१२

पुन्हा हाक. मी उठले तर सोंग कळेल. आई, तू ऊठ.

१२ की १३

आवाज बारीक झाला त्यांचा. मी ओरडते, तोंड उघडत नाही. डोळे मिटूनही ती दिसते. बोट ओळीवर. ओठ हलताहेत, एकेक अक्षर — किती सावकाश वाचते ही —

आई, ऊठ ना गं. आता तरी. नुसता श्वास उरलाय, तोही —

ती पान उलटते