विलायती बाईच्या कपाळी कुंकू

आगरदांडा. मार्गशीर्षातला गुरुवार, सन १९३१.

सुनेनं, गंगीनं, आज घात केला. आधी तेवढं लिहिते, श्री मग.

माझा मुलगा सदा ड्रॉइंग मास्तर. त्यानं काल मुंबईच्या गुरुजींकडून एका विलायती चित्राची छापील नक्कल मागून आणली. मूळ चित्र तीनशे वर्षांपूर्वीचं म्हणे. नक्कल शनिवारी परत करायचीय. तांबड्या खडूनं काढलेली बाई. तोंड तेवढं पुरं, कपडे चार रेघांत उरकलेले. मी म्हटलं, "चितारी अर्ध्यात जेवायला उठला का रे?" सदा म्हणाला, "आई, कानाजवळ बघ."

बघितलं. कानामागून एक बट सुटलीय, इतकी बारीक की फुंकर घातली तर हलेल. बाईनं आत्ताच चुलीवरून मान वर केली असं वाटतं. आज दिवसभर येताजाता ती बटच बघत होते. त्यात माझ्या हातून भात करपला.

संध्याकाळी लक्ष्मीची पूजा झाली आणि गंगीनं त्याच बोटानं चित्रातल्या बाईला कुंकू लावलं. वर म्हणते, "आजच्या दिवशी घरात पांढरं कपाळ नको, आत्याबाई." मी विधवा समोर बसलेय, ते हिला दिसलं नाही. रागवावं की हसावं? हसलेच.

पुसायला जावं तर कुंकू आणखी फाकेल. बट वाचली हे नशीब. आणि खरं लिहायचं तर बाईला कुंकू शोभतंय.

सदा शाळेतून येईलच एवढ्यात. कुंकवाचं उत्तर गंगीनंच द्यायचं. मी फक्त भाताचं देईन.