निर्मनुष्य बेटाचा नकाशा

रवि. १८ जाने. २००४, ॲन आर्बर
पिस्कॅटवेहून केदारचा फोन. आईने सुचवलेलं स्थळ. अजून भेट नाही, फक्त रविवारचे फोन. "नक्की काम काय करतेस?" पॅसिफिकमधल्या एका कंकणद्वीपाचा नकाशा. ज्वालामुखी खचला, भोवती प्रवाळाचं कडं उरलं, मध्ये खारं पाणी.
"राहतं कोण?"
"पक्षी."
"मग पत्ता कोण विचारणार?"
हसले नाही. फोन ठेवल्यावर हसले.

रवि. १ फेब्रु.
बाहेर बर्फ. त्याला बेटाचा इतिहास हवा होता. आधी खतासाठी पक्ष्यांची विष्ठा खणून नेणारे, मग खोबऱ्यासाठी माड लावणारे, मग युद्धात हवामान बघायला ठेवलेले शिपाई. सगळे परत गेले. माड राहिले.
"माडांना कोणी सांगितलंच नसेल," म्हणाला.
हे लिहून ठेवायचं तसं कारण नाही.

गुरु. १९ फेब्रु.
चूक. जुना नाविक नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवताना पूर्वेचं टोक जुळवून घेतलं. टोक वाळूचं. वाळू सरकते. त्यामुळे उरलेलं बेट चुकीच्या जागी; बोटीची वाट थेट प्रवाळावर. महिनाभराचं काम वाया. माझ्या गाइडला, रूथला, उद्या सांगेन. केदारला आजच सांगितलं, मीच फोन करून. त्याने उपाय सुचवला नाही. "जेवलीस का?" एवढंच.

रवि. १४ मार्च
माडवाल्यांची सिमेंटची टाकी जागची हललेली नाही. तिच्यावरून नकाशा बसला. रूथ म्हणाली, जूनमध्ये तूही चल. बोट वर्षातून एकदाच जाते. नेमका तेव्हाच काकूंनी, केदारच्या आईने, नागपूरला साखरपुडा धरलाय. मी होकार दिलेला नाही. सगळे तो धरून चाललेत.
बोटीला हो म्हटलं.

रवि. २१ मार्च
"तारीख पुढे ढकलली," केदार. "आईला म्हटलं, मला रजा मिळत नाही."
"खोटं कशाला?"
"तुझ्यावर यायला नको यार."
"माझी बोट आहे. तेच सांग. नाहीतर राहू दे सगळंच."
जरा कडक झालं.

रवि. २८ मार्च
फोन नाही. नकाशावर खोलीचे आकडे भरले. दोनदा तपासले, गरज नसताना.

शनि. ३ एप्रिल
आला फोन. काकूंना खरं सांगितलं त्याने. "जिथे माणूस नाही तिथे सून कशाला जाते?" म्हणाल्या. सून म्हणाल्या. मग त्याने त्यांना अख्खं बेट सांगितलं, ज्वालामुखीपासून शिपायांपर्यंत. मलाही म्हणून दाखवलं. मधलं पाणी गोडं आहे असं सांगून बसलाय. दुरुस्त करणार होते. केलं नाही.

रवि. ६ जून, होनोलुलू
संध्याकाळी बोट. पुढे कित्येक आठवडे फोन नाही. काकूंना देवघरात ठेवायला तिथला शंख हवा होता. फोनवर केदारला म्हटलं, तिथून काही उचलायला परवानगी नाही.
"सांगितलं मी. म्हणाली, मग तिला म्हणावं, तूच नीट ये."
खांद्यावरची बॅग खाली ठेवली.
धक्क्यावरून रूथ हाक मारत होती. होकाराचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फोनही कोणी ठेवला नाही. शेवटी माझी बॅटरी संपली.