जुन्या टायरांच्या गाडीतून पतीस नेण्याबाबत

प्रति,
मा. वाहन व्यवस्थापक,
पळसबन आरोग्य संस्था, तोयागुडा,
जि. गडचिरोली

विषय : रुग्णवाहिका क्र. २ चे टायर बदलल्याशिवाय ती रस्त्यावर न काढणेबाबत.
संदर्भ : आपला चौकशी अहवाल, दि. ३ नोव्हेंबर २०२५

महोदय,

१. माझे पती राजदीप खोब्रागडे आपल्या संस्थेत चालक आहेत. गेल्या महिन्यात रुग्ण आणायला जाताना रुग्णवाहिका क्र. १ चा पुढचा टायर फुटला आणि गाडी सागाच्या झाडावर आदळली. पतींची मांडी मोडली. सध्या ते निलंबित आहेत.

२. अहवालात म्हटले आहे की टायरच्या खाचा नव्यासारख्या खोल होत्या, सबब टायर चांगला व दोष वेगाचा. खाचा खोल असणारच. ती गाडी कित्येक उन्हाळे आपल्या आवारात उघड्यावर उभी होती, झिजणार कशी? पण रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. फुटलेल्या टायरवर १२१५ आहे, म्हणजे टायर २०१५ च्या मार्चमधला. बाजूला नख शिरेल अशा भेगा पडल्या होत्या. पतींनी हे अपघाताआधीच कळवले होते. किलोमीटर पूर्ण झाल्याशिवाय टायर बदलता येत नाही, असे उत्तर आले.

३. त्या गाडीचे उरलेले टायर पॉलिश मारून क्र. २ ला बसवले आहेत. मी स्वतः वाकून पाहिले, आकडा तोच आहे. नवे चालक पवन यांना सांगितले तर म्हणाले, "वहिनी, मले दिसते ना. पन मी नाई नेली तं दुसरा कोनी नेईल. रोज सकाळी हवा मोजून घेतो, अजून का करू?" महोदय, माझ्या नवऱ्यानेही त्या सकाळी हवा मोजली होती. मला याचा फार संताप येतो.

४. मोडलेल्या मांडीत बसवलेली सळई सरकल्यामुळे पतींना सोमवारी चंद्रपूरला शस्त्रक्रियेसाठी न्यायचे आहे. उशीर झाल्यास पाय जाईल, असे डॉक्टर म्हणतात. आपण मेहेरबानी करून गाडी मंजूर केली, ती क्र. २ आहे. दुसरी गाडी इकडे मिळत नाही.

गाडीत बसण्याआधी चाकांकडे वाकून पाहायची त्यांची सवय आहे. आता त्यांना वाकता येत नाही. ते मला विचारतील, "कोनता आकडा हाय?" तेव्हा खोटे सांगून त्यांना गाडीत चढवावे, की खरे सांगून घरी ठेवावे, एवढे तरी सोमवारच्या आत लेखी कळवावे.

आपल्या उत्तरासाठी थांबलेली,
संघप्रिया राजदीप खोब्रागडे
दि. २० नोव्हेंबर २०२५

सोबत : क्र. २ च्या टायरांचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी.