एकशे सात पायऱ्यांवरच्या दुकानाची किल्ली

अल्लाहच्या नावाने. मी, शाहेर मिफ्लेह हिज्जावी, वय एकाहत्तर, राहणार जबल जोफे, अम्मान. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, स्वखुशीने लिहीत आहे. खुशी हा शब्द रिवाज म्हणून.

१. वरच्या दोन खोल्या शरीयतच्या वाट्याने माझी मुलगी रुदैना आणि माझा भाऊ यांच्याकडे जाव्यात. भावाने तिला तिथून हलवू नये, निदान लोकलाजेस्तव.

२. एकशे सात पायऱ्यांच्या जिन्यावर, वरून साठाव्या पायरीला असलेलं फलाफल-हुमुसचं दुकान पागडीचं आहे. दुखवट्याचे तीन दिवस संपले की चौथ्या दिवशी किल्ली घरमालकाला परत द्यावी. रुदैनाने ते एक दिवसही चालवू नये.

कारण लिहून ठेवतो. ही जागा मी ईदच्या सकाळी पसंत केली. सगळा डोंगर त्या एकशे सात पायऱ्यांनी नमाजाला उतरत होता. माझा मेहुणा मुनीब म्हणाला, "दाजी, गर्दी बघा! नुसता झारा हलवत बसायचं." मला पटलं. नमाजानंतर पैगंबरांच्या रिवाजाप्रमाणे आम्ही आल्या वाटेने न परतता टॅक्सीच्या रस्त्याने घरी आलो. सगळेच तसे आले. जिना तेव्हा ओस पडला होता आणि ते बघायला तिथे कोणीच नव्हतं, मीसुद्धा नाही.

रोजचंही तेच निघालं. सकाळी लोक घड्याळ बघत पायऱ्या उतरतात. संध्याकाळी पोटात कावळे ओरडत असतात तेव्हा टॅक्सीने दुसरीकडून चढतात. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, वाडगाभर हुमुससाठी साठ पायऱ्या उतरून परत चढणारा माणूस मला चोवीस वर्षांत भेटलेला नाही.

३. फलाफलचे वडे पाडायचा पितळी साचा अबू कायदला द्यावा. त्याचं दुकान टॅक्सीथांब्यासमोर आहे आणि त्याचं फलाफल भुशासारखं लागतं. एकदा भर रस्त्यात त्याने विचारलं, "काय शाहेर, आज किती माश्या जेवून गेल्या?" तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तरी रांग त्याच्याकडेच लागते. साच्याने तरी गिऱ्हाईक बघावं.

४. मुनीबला काही नाही. "मी गमतीत म्हणालो होतो," असं तो आता सांगतो.

५. रुदैना, हे तुझ्यासाठी. आई गेली त्या वर्षी तू नर्सिंगचं शिक्षण सोडून गल्ल्यावर बसलीस. तेव्हा एकोणीसची होतीस, आता अडतीसची आहेस. "बाबा, या ईदनंतर जम बसेल ना?" असं दरवर्षी विचारायचीस. "बसेल गं, का नाही बसणार?" मी म्हणायचो. खरं सांगतो, दुकान चालणार नाही हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. मुनीब आणि अबू कायद यांच्यासमोर नाक कापलं जाईल म्हणून मी शटर उघडत राहिलो. तू आलीस तेव्हा मला बरं वाटलं, कारण मग हा वेडेपणा माझ्या एकट्याचा राहिला नाही. तुला मागणी घालायला दोनदा लोक आले होते. त्यांना मीच दारातून परत पाठवलं. तुला कळूही दिलं नाही. याची भरपाई होईल असं माझ्याकडे काही नाही. माफी मागायचीही मला लाज वाटते.

हे सर्व साक्षीदारांना वाचून दाखवलं. निवृत्त शिक्षक फव्वाझ म्हणाले, "अरे, पाचवं कलम आजच वाच तिच्यासमोर. खालीच आहे ती, चणे भिजत घालतेय."

"मी गेल्यावर," मी म्हणालो.

"जिवंतपणी सांगायला काय होतं तुला?"

"मग उद्या दुकान कोण उघडणार?"

दोघांनी सह्या केल्या.

लिहून देणार : शाहेर मिफ्लेह हिज्जावी
साक्षीदार : १. फव्वाझ नुसैरात, निवृत्त शिक्षक
२. जिर्यिस हद्दादीन, न्हावी
ठिकाण : जबल जोफे, अम्मान
दिनांक : ९ ऑक्टोबर २०१८