माझ्या फोल्डरमध्ये राहणारी माणसं

प्रिय ताई,

मोठ्या बहिणीला धाकट्याचा नमस्कार, आणि भावजींना वेगळा, छोटासा. तुझी पाठ कशी आहे? नव्या नोकरीत खुर्ची तरी बरी मिळाली का? (लॅबमधली तुझी खुर्ची आता माझ्याकडे आलीये. त्यामुळे माझीही पाठ गेली.) मी मजेत आहे असं आईला सांग, तुला खरं सांगतो.

आपला क्लस्टर तुला माहितीच आहे: एक अवाढव्य मशीन आणि त्यावर अख्खी युनिव्हर्सिटी तुटून पडलेली. त्यावर आपली आकडेमोडीची भाषा 'आर' आहे, पण नुसता सांगाडा. बाकीची अवजारं, म्हणजे पॅकेजेस, ज्याची त्याने आपापल्या फोल्डरमध्ये टाकायची. सिस्टीमवाल्याला सांगावं तर तो म्हणतो, "रिक्वेस्ट टाक," आणि रिक्वेस्ट टाकली की रजेवर जातो. मी पडलो उत्साही. आल्या आल्या सगळं स्वतः बसवलं. (पॅकेज कधी एकटं येत नाही गं. एकाला बोलवा, की तो मामेसासऱ्यापर्यंत सगळ्यांना घेऊन येतो, आणि त्यातला एक जरी रुसला तरी कोणीच आत येत नाही.) मग जिराफ आला. जिराफ म्हणजे तू गेल्यावर आलेला सिनियर. मान आधी येते, बाकीचा मागून. म्हणाला, "तुझ्याकडे आहे ना सगळं? मग मी कशाला परत टाकत बसू? फोल्डरचा पत्ता दे." दिला. मला वाटलं, दोस्ती झाली. त्याने तो पत्ता अख्ख्या लॅबला वाटला. बघता बघता सगळी लॅब माझ्या फोल्डरमध्ये राहायला आली, आणि एकानेही दार वाजवलं नाही.

परवा मला एक ग्राफ काढायचा होता म्हणून मी एक पॅकेज अपडेट केलं. एकच! त्याने आपला सगळा गोतावळा अपडेट करून टाकला. सकाळी जिराफ माझ्या टेबलापाशी हजर, मान पार माझ्यावर झुकलेली.

"मशीनवर आठवडाभर चाललेला माझा जॉब मेला. कोणाला विचारून अपडेट केलंस?"

"अरे, माझ्याच फोल्डरमध्ये?"

"तुझं काय त्यात? वापरतो आम्ही सगळे!"

मी न्याय मागायला सरांकडे गेलो. सरांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आजपासून तूच जबाबदार."

आता लॅबच्या मातीवरच्या पेपरचं ऐक. मातीचे सगळे नकाशे माझे. पहिलं नाव जिराफचं. ज्याने मातीच्या पिशव्या उचलल्या त्याचंही नाव आहे (असू दे, पिशव्या जड होत्या). आणि मी कुठे? शेवटी, आभारात: 'संगणकीय मदतीबद्दल'. म्हणजे मी आणि प्रिंटर. भांडलो, तर सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सगळे नकाशे नव्याने करून दे, मग नावाचं बघू." हे 'मग बघू' तूही ऐकलंयस ना?

म्हणून काल मी सगळं पुसून नव्याने टाकलं, फक्त माझ्यासाठी, आणि फोल्डरला कुलूप घातलं. जिराफ येरझाऱ्या घालतोय. मी सरळ सांगितलं, "स्वतःचं स्वतः बसवायला शिक." दुसऱ्याच्या फोल्डरवर किती दिवस जगायचं माणसाने? लाज वाटली पाहिजे.

पाठीला शेक घे. भाचीचा एक गालगुच्चा घे माझ्यातर्फे.

तुझा,
ठोंब्या

ता. क. : नकाशांचं पॅकेज मात्र माझ्याकडे बसत नाही. कधीच बसलं नव्हतं. तू इथे असताना तुझ्या फोल्डरमध्ये ते कसंतरी बसवलं होतंस. मी पहिल्या दिवसापासून तिथूनच उचलतोय. सिस्टीमवाला (रजेवरून आला!) सोडून गेलेल्यांची अकाउंट्स गुरुवारी पुसणार आहे. तुझं अकाउंट तुला अजून लागतं असा मेल त्याला आजच्या आज टाक. प्लीज.

ता. क. २ : जिराफचा फोन आला तर उचलू नकोस. त्याला तुझ्या फोल्डरचा पत्ता कळला, तर तो थेट तिकडेच जाईल, आणि मग मी आभारातूनसुद्धा उडेन.