लालासाहेबाचा वजीर

रहिमतपूर, ता. ११ फेब्रुवारी १९७५

आमचे एकुलते एक मेहुणे जोतीराम यांस तात्याबाचा रामराम. तुमची बहीण खुशाल, म्हैस खुशाल, मी मात्र धड नाही. (औषध घेत नाही. दुखण्याचं नाव लालासाहेब.)

पलटणीतून पेन्शनवर आलेला हा लालासाहेब परवा सोसायटीच्या कट्ट्यावर माझ्याशी बुद्धिबळ खेळला. डाव माझ्या हातात होता. तेवढ्यात त्यानं आपला वजीर माझ्या उंटाच्या तोंडी आणून ठेवला. फुकटचा वजीर कोण सोडतो? खाल्ला. तिसऱ्या खेळीला त्याच्या घोड्यानं मला मात दिली. झालं! तेव्हापासून गावभर एकच चाललंय, काय ते बलिदान, काय ते काळीज! अहो, कसलं बलिदान? मात समोर दिसत होती म्हणून वजीर दिला. गळाला गांडूळ लावणाऱ्याला कुणी दानशूर म्हणतं का? परत काही मिळणार नाही हे ठाऊक असून देतो, तो खरा त्याग. हे मी तुमच्या बहिणीला तासभर समजावलं. ती म्हणाली, "आवं, त्यानं वजीर तरी दिला. तुमी कवा सुपारीचं खांड तरी दिलंया का कुणाला?" आणि दुसऱ्या दिवशी तो घरी आला तर त्याला दुधाचा चहा! (मला गुळाचा, कोरा.) जळतो मी, जोतीराम, उघड सांगतो. वीस वर्षं या कट्ट्यावर मला कुणी हरवलं नव्हतं.

येत्या रविवारी तुमच्या आष्ट्याशी आमचा सामना. पहिल्या पटावर गावानं लालासाहेबाला बसवलं होतं. काल तो चारचौघांत म्हणाला, "तात्याबा आमच्या आदीपास्नं खेळत्यात. पयला पट त्यांचाच." आता त्याचीही वाहवा सुरू! माझी जागा मलाच देऊन हा माणूस पुन्हा जिंकला.

पोराबाळांना आशीर्वाद.

तुमचा दाजी,
तात्याबा

ता. क. : आष्ट्याकडून पहिल्या पटावर तुम्ही बसणार असं कळलं. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं खेळता, हे मी अजून कुठं बोललेलो नाही. तेवढा एक डाव हरा. बदल्यात मी काहीही देणार नाही, म्हणजे तुमचा त्याग अस्सल ठरेल. बहिणीला मात्र कळता कामा नये.

आणखी ता. क. : जोत्या, पत्र चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. हर बाबा, पर लगीच नगं, जरा झुंजल्यागत कर. पयला पट सोडा म्हणून लालासाहेबाला मीच हात जोडलं व्हतं. ह्यास्नी सांगू नगंस. - बनुबाई